निरोप्या इथे आहे

चोपडा
गुरुवार, रात्र

चि. भूषण,
अनेक आशीर्वाद.

पोरं मजेत आहेत. हे पहिल्याच ओळीत लिहिते, नाहीतर तू सगळं पत्र तेवढ्यासाठी चाळशील. मल्हार दोन्ही वेळा पोटभर जेवला. काल पहाटे तुमची गाडी तोरणमाळला निघाली तेव्हा तो झोपेतच होता. उठल्यावर मम्मी कुठेय म्हणून ओठ काढला, तेवढ्यात नानांनी त्याच्या गळ्यात शिट्टी अडकवून त्याला ओट्यावर उभा केला. तेव्हापासून ओट्याची एसटी झाली आहे आणि गल्लीतली सगळी पोरं प्रवासी. पुढे सरका, सुट्टे द्या, पायरीवर उभं राहू नका. नाना रिटायर झाले, आवाज नाही झाला.

पत्र कशाला, फोन करायचा ना, असं म्हणशील. फोनवर माझ्या एका कानाशी जुई असते आणि दुसऱ्या कानाशी मल्हार, आणि तुझ्या शेजारी स्नेहल असेल. (असेल ना?) नाना उद्या पहाटे शहाद्याच्या गाडीवर कंडक्टरकडे पाकीट देणार आहेत, तो पुढे तोरणमाळच्या गाडीवर देईल. धुळ्याला कॉलेजात होतास तेव्हा तुझा डबा असाच जायचा. कधी सांडला नाही.

ठरवलं होतं की कामाचं तेवढंच लिहायचं. तर, जुईच्या सँडलचा पट्टा तुटला, शिवून आणला. मल्हारच्या पाठीवर घामोळं आलंय, मुलतानी माती लावते. पारा 44 च्या खाली यायला तयार नाही, पण दुपारी कोणाला दाराबाहेर सोडत नाही. कूलर पुढच्या खोलीत आणलाय. ऊन उतरलं की पोरं अंगणात पाणी मारायला पळतात, तेवढीच त्यांची आंघोळ. स्नेहलने औषधांची यादी लिहून दिलीय ती फ्रीजवर चिकटवली आहे. अक्षर किती सुरेख आहे तिचं, मी कधी बोलले नाही तिला.

आता एक विचारू? आज सकाळी नऊला स्नेहलचा फोन आला, मल्हारने दूध घेतलं का? घेतलं म्हटलं. सव्वानऊला तुझा आला. मल्हारने दूध घेतलं का? दुपारी झोपेचं असंच. एका खोलीत उतरलेली दोन माणसं आणि मला एकच गोष्ट दोघांना वेगवेगळी सांगावी लागते. फोन ठेवून मी नानांकडे पाहिलं. ते पेपर खाली न घेताच म्हणाले, "त्यासनं त्या पाही लेतीन. तू नको बोलू." म्हणून बोलत नाही. लिहिते.

आखाजीच्या सणाला तुम्ही आलात, घर भरलं. घागर पुजली, तिच्यावर डांगर ठेवलं, सांजोऱ्या झाल्या, आमरसाला शोभामावशीचं सगळं बिऱ्हाड आलं. त्या गडबडीत जुई स्वयंपाकघरातून ओट्यावर आणि ओट्यावरून स्वयंपाकघरात नुसती धावत होती. "पप्पा, मम्मी विचारते चहा घेणार का?" "मम्मी, पप्पा म्हणतात अर्धा कप." "पप्पा, मम्मी म्हणते गाडीची चावी कुठेय?" "मम्मी, पप्पा म्हणतात तुझ्या पर्समध्ये आहे." मला आधी कौतुकच वाटलं, काय चुणचुणीत पोरगी आहे म्हणून. शोभामावशी पण म्हणाली. मग डोक्यात आलं की हिच्याशिवाय तुमच्यात एक शब्द इकडचा तिकडे जात नाहीये. आणि तू "तुझ्याच पर्समध्ये बघ म्हणावं" असं जे तोडून बोललास ना, ते तिने तसं नाही पोचवलं. वाटेत गोड करून पोचवलं. सात वर्षांची आहे ती. हे तिला कोणी शिकवलं?

माझी उभी नोकरी पहिली-दुसरीच्या वर्गात गेली. वर्गात दोन पोरं भांडली की एखादं तिसरंच पोर उठून दोघांच्या मधे जाऊन बसतं. बाई रागावायच्या आत. अशा पोराचं प्रगतिपुस्तक नेहमी चांगलं असतं, म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही.

पण जाऊ दे. हे नव्हतं लिहायचं.

आज बिबड्या घातल्या. तीन दिवसांपासून ज्वारी भिजत होती, काल दळून आणली. पहाटे चारला मोठं पातेलं चुलीवर चढवलं. लसूण, मिरची, जिरं, तीळ, आणि आधण आलं की भरडा सोडायचा आणि हाटत राहायचं. नानांनी दांडा धरला आणि दहा मिनिटांत शेजारच्या पोराच्या हातात दिला. जुईला उठवायचं नव्हतं, पण वास गेला गच्चीवर आणि आली डोळे चोळत. दोघांना वाटीत गरम घाटा दिला, मधे खड्डा करून शेंगदाण्याचं तेल. मल्हारने वाटी चाटली, मग तेलाचा हात केसांना पुसला. जुईने स्वतःच्या हाताने बिबड्या थापल्या. जुन्या साडीवर, पाण्याचा हात लावून, एक गोल, दुसरी गुजरातच्या नकाशासारखी. तिने दोन वेगळ्या केल्या. एक मम्मीची, एक पप्पांची. म्हटलं, एकाच ताटात देऊ की दोघांना. तर म्हणे, "नको आजी, पप्पा उशिरा जेवतात."

रात्री गच्चीवर खाटा टाकतो. मल्हार नानांच्या पोटावर, जुई माझ्याजवळ. काल तिने विचारलं, "आजी, तू आणि नाना नेहमी एकाच खोलीत झोपता?" मी हो म्हटलं. थोड्या वेळाने म्हणाली, "पप्पा हॉलमध्ये झोपतात. लॅपटॉप असतो ना त्यांचा म्हणून." मी काही विचारलं नव्हतं रे. तिने आपणहून सांगितलं, आणि कारणही तिनेच दिलं.

काय झालंय ते मला सांगू नकोस. खरंच नको. जूनपासून स्नेहल परत नोकरीवर जाणार आहे एवढं जुईकडून कळलंच आहे. त्यावरून असेल, किंवा पोरांना सांभाळायचं कोणी यावरून असेल, किंवा फ्लॅटच्या हप्त्यांवरून. घर म्हटलं की होतंच. मी येते पुण्याला, दिवाळीपर्यंत राहते. नाना इथे राहतील, त्यांना शेवभाजी करता येते आणि डेपोत चहा मिळतो. पण मी येऊन फक्त डबे भरले जातील. बाकीचं मी नाही करू शकत. आणि मी आले की तुम्हाला निरोप पाठवायला अजून एक माणूस मिळेल, ती भीती वेगळीच.

तुला एक सांगायचं राहिलं. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी तू ओट्यावर बसून जुईची वेणी घालत होतास. कंगवा तोंडात धरलेला, भांग सरळ निघेना म्हणून दोनदा मोडलास. समोरच्या काकूंनी मला कोपर मारून दाखवलं. आमच्या वेळच्या कुठल्या पुरुषाने हे केलं असतं? नानांना तुझ्या शर्टाची बटणं लावता येत नव्हती. रात्री मल्हार रडला की पहिला तूच उठतोस, हे मी या खेपेला रोज ऐकलं. असा बाप आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत झाला नाही. त्यामुळेच तर मला कळत नाही. पोराच्या रडण्याला जो माणूस अंधारात बरोबर पोचतो, त्याला चहा घेणार का एवढं समोरच्या माणसाला थेट का सांगता येऊ नये?

झालं, बाई वर्गात शिरल्या. खडू ठेवते खाली. रागावू नकोस.

आमचं तुला आठवत नसेल. मी लासूरच्या पुढच्या पाड्यावर होते तेव्हा सकाळच्या पहिल्या गाडीने निघायची आणि नाना मुक्कामी गाडीवरून नऊला यायचे. मधे तू फैजपूरच्या आजीजवळ. तोंड दिसायचं ते रविवारी, तेही दर रविवारी नाही. स्वयंपाकघरात खिळ्याला पाटी होती. गॅस संपला. भूषणला ताप होता, अर्धी गोळी दिली. दूधवाल्याचे द्यायचे आहेत. सगळं तुझं आणि दूधवाल्याचं. एकदा तिच्यावर लिहिलेलं होतं, 'उद्या तुझ्याच गाडीवर ड्यूटी. मागची खिडकी.' दुसऱ्या दिवशी मी चढले तर मागच्या खिडकीवर त्यांचा रुमाल. रीतसर तिकीट फाडलं, पैसे स्वतःच्या खिशातून टाकले, आणि लासूर येईपर्यंत दर थांब्याला दोन वाक्यं बोलून जायचे. सगळी गाडी हसत होती.

मग त्यांच्या फॅमिली पासवर आम्ही वणीला गेलो. तुला आजीजवळ ठेवून, दोघंच. चैत्रातली गर्दी ओसरली होती. बसमध्ये आम्ही नुसतं तुझं बोलत होतो. तू काय खाल्लं असशील, रडला असशील का. गडाच्या पायऱ्या सुरू झाल्या तेव्हा तुझंही संपलं. आता बोलायचं काय? निम्म्या पायऱ्या आम्ही गप्प चढलो, आणि मला इतकं अवघडल्यासारखं झालं की खाली उतरून पहिली गाडी पकडावी वाटलं. मग एका वळणावर नाना म्हणाले की त्यांना मालेगाव डेपोत बदली देत होते आणि त्यांनी ती परस्पर नाकारली. मला न विचारता. तिथेच, पायरीवर, जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांच्या देखत आमचं कडाक्याचं भांडण झालं. देवीपुढे मी त्यांच्याशी न बोलता उभी राहिले. पण उतरताना बोलत होतो. बदलीचं, शाळेचं, माझ्या सासूचं, सगळं निघालं. नांदुरीला भजी खाल्ली तेव्हा पण भांडतच होतो. तो प्रवास मला अजून आवडतो. आता तिथे ट्रॉली झालीय, मला पायऱ्यांशिवाय वणी वाटतच नाही.

तर तुमचा पहिला दिवस गप्प गेला असेल तर घाबरू नकोस, एवढंच. पोरांचं बोलून संपू दे.

गाडीचं नानांनी लिहायला सांगितलंय. सात पायऱ्यांचा घाट उतरताना ब्रेकवर पाय देऊन बसायचं नाही, गिअरवर उतरायचं, वळणाला हॉर्न. अंधारात तर उतरायचंच नाही. सीताखाईला या दिवसांत पाणी नसतं पण संध्याकाळी जा. यशवंत तलावावर सकाळी. मी 1996 साली शिक्षकांच्या सहलीत गेले होते. तेव्हा तो धुळे जिल्हाच होता, नंदुरबार वेगळा झाला 1998 ला. महाबळेश्वरच्या खालोखाल थंड हवा आपल्या खान्देशात आहे, पण आपली माणसं पुण्याच्या माणसांनी सांगितल्याशिवाय तिथे जात नाहीत. मे महिन्यात मला तिथे शाल लागली होती. स्नेहलने शाल घेतली नसेल तर तिथेच काहीतरी बघ. तू बघ, तिला 'हवी का' विचारत बसू नको, ती नाहीच म्हणणार.

आणि गाडीवरून आठवलं. काल पहाटे स्नेहल मागे बसली. सवयीने बसली असेल, मल्हारची सीट मागे असते आणि ती त्याच्याजवळ. पण सीट तर तू आदल्या रात्रीच काढून जिन्याखाली ठेवली होतीस. तिने दार लावलं, तू आरशात पाहिलंस आणि गाडी सुरू केलीस. पुढे तुझ्या शेजारी कोणी नाही. मी काचेवर टकटक करणार होते, नानांनी मनगट धरलं. शिरपूरला चहाला थांबलात तेव्हा तरी पुढे आली का? फोनवर विचारता आलं नाही. जुई ऐकत होती.

बापूसारखं करू नका, इतकंच म्हणते. त्याचं घर मोडेपर्यंत कोणी आवाज ऐकला नाही, आणि आपण सगळे म्हणत होतो किती शांत जोडपं आहे.

नाही, तुमचं तसं नाहीये. मला माहिती आहे. म्हाताऱ्या माणसाला रात्री गच्चीवर नको ते सुचतं.

रविवारी संध्याकाळच्या आत येऊ नका. पोरांच्या निमित्ताने तर अजिबात नाही. आलात तर मी दार उघडणार नाही, आणि नाना ओट्यावरून 'गाडी फुल आहे' सांगतील. फोन दिवसातून एकदाच करा, दोघांनी मिळून, स्पीकरवर. जुईला निरोप सांगायचा नाही. तिला सुट्टी आहे.

हे पत्र वाचून झालं की स्नेहलला दे. किंवा नको देऊ, तिला वाटेल सासूने नाक खुपसलं. अक्षराचं तेवढं सांग तिला. नाहीतर देच. तुझं तू बघ.

तुझी,
आई

ता. क. बिबड्या वाळल्या. नकाशावाली थोडी तुटली, तरी जुईने डब्यात घातलीय.