नाव नाही विचारलं, आभार तरी घ्या

एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) एसएसबी, म्हणजे सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, मुलाखतीआधी दोन महिने मी नागपूरच्या फुटाळा तलावावर रोज पहाटे धावत होतो. तिथं भेटणाऱ्या निवृत्त सुभेदार काकांचं नाव मी कधी विचारलंच नाही (चूक माझीच). मुलाखतीतल्या शब्दचाचणीच्या सरावासाठी बाकावर बसून ते घड्याळ लावायचे. एक शब्द, 15 सेकंद, एक वाक्य. असे 60 शब्द. ‘भीती’ आला की माझा पेन अडायचाच. "पाठ केलेलं नको लिहू बे, तुझं लिही," म्हणायचे.

सीताबर्डीच्या झेरॉक्सवाल्या दादांनी प्रमाणपत्रांच्या प्रतींचे पैसे घेतले नाहीत. आणि तर्री-पोह्याच्या ठेल्यावर माझ्याशी मुद्दाम इंग्रजीतून भांडणाऱ्या त्या दोघी ताई! गटचर्चेत माझं तोंड उघडलं ते तुमच्यामुळेच.

शिफारस झाली, मेडिकल बाकी आहे. काका, रविवारी या, पोहे माझ्याकडून.