पाटीवरच्या बारीक अक्षरात काय वाचाल?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत फिजिओथेरपीच्या पाट्या जागोजागी दिसतात. बऱ्याच पाट्यांवर मशिनांची नावे ठळक असतात आणि उपचार करणाऱ्याची पदवी बारीक अक्षरात. रुग्णाने आधी वाचावे ते हे बारीक अक्षर.

आज प्रॅक्टिस करणाऱ्या बहुतेकांची बीपीटीएच ही फिजिओथेरपीची पदवी म्हणजे चार वर्षांचा अभ्यास आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप. एमपीटीएच या पदव्युत्तर पदवीला आणखी दोन वर्षे लागतात. राज्यात २००२ च्या कायद्याखाली व्यवसायोपचार व भौतिकोपचार (म्हणजे फिजिओथेरपी) परिषद आहे. उपचार करणाऱ्याला तिथला नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नये. मसाजचा काही आठवड्यांचा कोर्स म्हणजे ही पदवी नव्हे.

पदवीनंतर पाहायचा तो एमपीटीएचचा विषय. अर्धांगवायूच्या रुग्णाला न्यूरोचा, म्हणजे मज्जासंस्थेच्या आजारांचा, अनुभव असलेली व्यक्ती हवी. लुळ्या हाताला धरून रुग्णाला ओढून उठवले की सैल पडलेला खांदा खोबणीतून खाली सरकतो आणि पुढे तोच दुखत राहतो. घरच्यांना हे पहिल्याच दिवशी शिकवावे लागते.

गुडघा बदलल्यावर सर्वांत जास्त चुका घरी होतात. आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवली जाते, आणि गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो. उशी काढा, टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या. दहा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. मग मांडीचा स्नायू आवळून गुडघा खाली दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचे. असे दहा वेळा. साधारण दोन आठवड्यांत गुडघा सरळ होऊन ९० अंशांपर्यंत वाकू लागावा. हा कोन गोनिओमीटरने मोजून लिहून ठेवायचा असतो. नुसते ‘बरे वाटते’ यावर उपचार पुढे नेता येत नाहीत. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींत राहणाऱ्यांनी एवढे पाठ करावे: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. पोटरी सुजून दुखू लागली, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी सर्जनला दाखवावे. रक्ताची गुठळी असू शकते.

पहिल्या भेटीत तपासणी न करता थेट मशीन लावणाऱ्या ठिकाणी पुन्हा जाऊ नये. पेसमेकर आहे का, हे न विचारता डायथर्मी, म्हणजे विद्युतलहरींनी खोलवर शेक देणारे मशीन, लावणे तर धोक्याचेच. शेकाने दुखणे तात्पुरते कमी होते, स्नायूत ताकद मात्र व्यायामानेच येते.

फिजिओथेरपिस्टच्या परिचयात ‘आवड : धावणे, ट्रेकिंग’ असेही असते. ते निरर्थक नाही. येऊरच्या डोंगराचा चढ-उतार स्वतः पायाखाली घातलेल्याला उतारावर गुडघ्याची वाटी का दुखते, हे लवकर कळते: तिथे मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलत असतो. पावसाळी मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांना अशा माणसाचा उपयोग होतो. पण ही ओळ पदवीच्या खाली वाचायची. पदवीच्या जागी नाही.

प्रत्येक क्लिनिकने दर्शनी भागात तीन गोष्टी मराठीत लावाव्यात: पदवी व तिचा विषय, नोंदणी क्रमांक, आणि पहिल्या तपासणीला दिला जाणारा वेळ.

आपले,
नौपाडा परिसरातील काही फिजिओथेरपिस्ट, ठाणे