दिन्यास, अण्णांच्या फिल्मबद्दल

प्रिय दिन्या,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलंच. माझी शुगर आटोक्यात, गुडघा जैसे थे. विषय संपला.

अण्णांवर फिल्म करतोय हे तुला ठाऊक आहे. फक्त अण्णा, आरामखुर्ची आणि त्यांचा आवाज. निवेदन नाही, तज्ज्ञ नाहीत. चिनी दिग्दर्शक वांग बिंगने फंगमिंगबाईंवर केली तशी. (हो, तीच, २००७ची, तीन तासांची. तू घोरलास आणि वर ‘खुर्चीत बसलेली बाई म्हणजे सिनेमा का?’ म्हणून भांडलास.) संध्याकाळ होते, खोलीत अंधार पडतो, चेहरा दिसेनासा होतो, तरी बाई बोलतच असतात. शेवटी तो दिवा लावू का, एवढंच विचारतो. नवरा श्रमछावणीत उपासमारीने गेला, तिथे मध्ये तोंड घालायची कोणाची छाती होणार?

परवा बोलता बोलता अण्णा गिरणी संपाच्या विषयावर आले. १८ जानेवारी १९८२, डॉक्टर सामंत, अडीच लाख कामगार, सगळं तोंडपाठ. मग म्हणाले, “मी शेवटपर्यंत आत पाऊल टाकलं नाही. गेटावर शेजारी दादा असायचा.”

तुझे दादा!

डबा पिशवीत लपवून मागच्या गल्लीने पहिल्या पाळीला निघालेले अण्णा आपण दोघांनीच गॅलरीतून पाहिलेत. त्यानंतर दादांनी त्यांच्याकडे मान वळवून पाहिलं नाही. मला मात्र पानावर बसवायचे, वर ‘हा दिन्यापेक्षा कमी खातो’ म्हणायचे.

शर्ली क्लार्क या अमेरिकी दिग्दर्शिकेने १९६६मध्ये न्यूयॉर्कच्या चेल्सी हॉटेलात जेसन नावाच्या माणसाला फिल्मसाठी रात्रभर, बारा तास, बोलतं ठेवलं. तो पितो, हसतो, थापा मारतो. शेवटी कॅमेऱ्यामागची मंडळी ‘नाटकं पुरे’ म्हणून अंगावर येतात आणि तो रडतो. ते रडणं तरी खरं का, कोण जाणे. बाईंनी सगळं ठेवलं, आपले आवाजसुद्धा. पूर्वी मला ते धाडसाचं वाटायचं, आता थोडं हलकटपणाचंही वाटतं. आणि जेसन काही क्लार्कबाईंचा बाप नव्हता.

‘अण्णा, दिवाळीनंतरचं सांगा’ एवढं मला कॅमेऱ्यामागून विचारता आलं असतं. जीभ उचलेना. खाली खुलाशाची पाटी टाकली तर मुलाने बापाचा पंचनामा केल्यासारखं होईल. तेवढं कापलं तर गिरणी कामगाराच्या आयुष्यात संपच उरत नाही. ठेवलं तर काकू बघणार, आणि त्यांनी त्या दिवसांत मंगळसूत्र गहाण टाकलेलं. त्यातून दादांचं नाव घेताना अण्णांचा चेहरा असा उजळला, की ते खोटं बोलताहेत असं त्या क्षणी मलाही वाटेना. तो शॉट फार सुरेख आलाय रे, हीच पंचाईत.

काकूंना आधी एकट्यांना दाखवू का? त्या नको म्हणाल्या तर कापेन. तू नको म्हणालास तर मात्र भांडेन.

नाशिकच्या घराचं कुठवर आलं? पोरीच्या लग्नाला येतोय, आहेराचं तुझं ऐकणार नाही.

फोन दुपारीच कर. संध्याकाळी अण्णा घरात असतात.

तुझा,
सुध्या