आधी साक्षीदार, मग हेग

दांडिया बाजार, बडोदे

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल बाबांनी मोठ्याने वाचून दाखवला आणि एकाच मेलवर घरात दोन मतं झाली. बाबांचं तुला फोनवर कळलंच आहे: हेग मिळतंय तर डोळे झाकून जा. माझं मत फोनवर सांगायची सोय नाही. मी तोंड उघडलं की तू "आई, तिथलं तुला काय माहीत" म्हणतेस. म्हणून लिहायला बसले. पत्राला मधे तोडता येत नाही.

एका बाजूला लंडनच्या त्या फौजदारी चेंबर्समधली, म्हणजे बॅरिस्टरांच्या सामाईक कचेरीतली, वर्षाची प्युपिलेज (बॅरिस्टरची उमेदवारी), दुसऱ्या बाजूला हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयातली सहा महिन्यांची बिनपगारी इंटर्नशिप. तू लिहितेस, दुकानातल्या चोऱ्या आणि दारू पिऊन गाडी चालवणारे यांच्यात वर्ष कशाला काढू, मला युद्धगुन्ह्यांचं काम करायचंय. माझं म्हणणं, ते वर्ष काढ. काटकसरीपायी म्हणत नाही. पैशाचं पुढे लिहितेच.

माझी उभी नोकरी कोर्टात साक्षी टाइप करण्यात गेली, आधी न्यायमंदिरात, मग कोर्ट दिवाळीपुऱ्याला गेलं तिथे. कायदा मी शिकलेली नाही, पण साक्षीदार मी खूप जवळून पाहिलेत, वकिलांपेक्षाही जवळून, कारण माझं टेबल पिंजऱ्याला लागून असायचं. वकील विचारतो, साक्षीदार अर्धवट मान हलवतो, जजसाहेब सांगतात आणि कागदावर उमटतं: "ए वात खरी छे के ते दिवसे हुं घरे हती." वकिलाचा प्रश्न गेला, बाईची अर्धी मान गेली, मधे ती किती वेळ गप्प होती तेही गेलं. वरच्या कोर्टात अपील चालतं ते या कागदावर. तिथल्या साहेबांना ती बाई कधीच दिसत नाही.

एक उलटतपास मला अजून आठवतो. बाई वाडीतली, धुणीभांडी करणारी. वकीलसाहेब तासभर तिला वेळ विचारत होते: किती वाजता आवाज आला, किती वाजता बाहेर आलात, आधी आठ म्हणालात, आता नऊ कसे? बाई पार गोंधळली. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची. नंतर फेरतपासाला सरकारी वकिलांच्या हाताखालची एक नवखी मुलगी उठली. तिने एवढंच विचारलं, "आवाज आला तेव्हा नळाला पाणी होतं की गेलं होतं?" बाई ताडकन म्हणाली, "गेलं होतं, मी शेवटचा हंडा आत ठेवत होते." त्या भागात पाणी कधी येतं आणि कधी जातं हे सगळ्या गावाला ठाऊक. वेळ मिळाली, आणि केसही उभी राहिली. हा प्रश्न कुठल्या पुस्तकात नसतो, मनू. जिने चाळीतल्या, वस्तीतल्या माणसांना पिंजऱ्यात बघितलंय तिलाच तो सुचतो.

आता म्हणशील, वाडीतल्या नळाचा आणि हेगचा काय संबंध. तूच मला आकायेसूचा निकाल वाचायला लावलास ना? रवांडातल्या ताबा गावाचा तो प्रमुख. वंशसंहारासाठी आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने कुणाला दोषी ठरवल्याचा तो पहिला निकाल, २ सप्टेंबर १९९८चा, टांझानियातल्या अरुषाच्या कोर्टातला. त्यात न्यायाधीशांनी साक्षीदारांबद्दल जे लिहिलंय ते वाचून मी बाबांना हाक मारली. तारखा, वेळा, अंतरं, नकाशे यांचे प्रश्न आले की साक्षीदारांना सांगता येत नव्हतं, म्हणून ते खोटं बोलतात असं धरू नये, असा त्याचा अर्थ. आमच्या बाईचंच प्रकरण ते. आणि त्याच खटल्याच्या मूळ आरोपपत्रात बलात्काराचा शब्दही नव्हता. एक बाई दुसऱ्याच गोष्टीची साक्ष द्यायला आली होती. बोलता बोलता तिने सांगितलं की तिच्या सहा वर्षांच्या मुलीवर तिघांनी अत्याचार केला. तो धागा सोडला गेला नाही. आणखी बायका बोलल्या, १९९७च्या जूनमध्ये आरोपपत्रात दुरुस्ती झाली, आणि बलात्कार हाही वंशसंहाराचा मार्ग असू शकतो हे त्या निकालात पहिल्यांदा ठरलं. तीन न्यायाधीशांत एकच बाई होती, नवी पिल्ले. डर्बनच्या तमिळ घरातली, बस ड्रायव्हरची मुलगी. पुढे ती हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात न्यायाधीश झाली, मग संयुक्त राष्ट्रांची मानवी हक्क उच्चायुक्त. पण सुरुवात कुठून? १९६७ साली वर्णभेदाच्या दक्षिण आफ्रिकेत स्वतःची वकिली थाटून.

साक्षीदार फिरणं तर आपल्या गावाला शिकवायला नको. १ मार्च २००२च्या रात्री, दंगलीत, हनुमान टेकरीवर बेस्ट बेकरी पेटवली गेली, १४ जीव गेले. तू तेव्हा लहान होतीस. २००३च्या जूनमध्ये इथल्या जलदगती न्यायालयातून २१च्या २१ आरोपी सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक फिरले. मी त्या कोर्टरूममध्ये नव्हते, पण आमच्या टायपिंगच्या खोलीत त्या दिवशी कुणी जेवणाचा डबा नीट उघडला नाही. मुख्य साक्षीदार मुलगी आधी फिरली, मग धमक्यांमुळे फिरले म्हणाली, सुप्रीम कोर्टाने २००४ साली खटला मुंबईला नव्याने चालवायला लावला, तिथे ती पुन्हा फिरली. २००६ साली मुंबईत ९ जणांना जन्मठेप झाली, आणि त्याच वर्षी त्या मुलीला न्यायालयाच्या अवमानाबद्दल एक वर्षाची कैद. २०१२ साली हायकोर्टाने नवांपैकी पाच जणांना सोडलं. लोक तेव्हा त्या मुलीला नावं ठेवायचे. मी नाही ठेवली. त्या वयात, असल्या रात्रीनंतर, गावात राहून खरं बोलत राहायचं म्हणजे काय असतं ते पिंजऱ्याजवळ बसणाऱ्याला कळतं.

आणि हेगला तरी वेगळं काय झालं? केनियात २००७-०८च्या निवडणुकीनंतर जो रक्तपात झाला, त्याबद्दल केन्याटा यांच्यावर खटला भरला, पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले. डिसेंबर २०१४मध्ये सरकारी पक्षानेच तो मागे घेतला. उपराष्ट्राध्यक्ष रुटो यांचा खटला एप्रिल २०१६मध्ये बंद झाला, आणि साक्षीदारांवर दबाव आल्याचं न्यायाधीशांनी स्वतः लिहिलं. पुढे रुटो राष्ट्राध्यक्षही झाले. तिथे साक्षीदारांसाठी स्वतंत्र विभाग आहे, नाव झाकतात, आवाज बदलतात, पडदा लावतात, तरीही हे झालं. आपल्याकडे साक्षीदार संरक्षणाची योजना सुप्रीम कोर्टाने २०१८च्या डिसेंबरात मान्य केली. बेस्ट बेकरीला ती सोळा वर्षं उशिराची.

मग काँगोतल्या बंडखोर नेत्याचा, लुबांगाचा खटला, हेगच्या या न्यायालयातला पहिला. लहान मुलांना सैन्यात भरती केल्याचा. जानेवारी २००९मध्ये पहिलाच साक्षीदार, पूर्वी बालसैनिक असलेला मुलगा, सकाळी एक बोलला आणि दुपारनंतर म्हणाला, मला शिकवून आणलंय. काही दिवसांनी पुन्हा येऊन साक्ष दिली, पण निकालात अशा मुलांपैकी बहुतेकांच्या साक्षी न्यायाधीशांनी बाजूला ठेवल्या. सरकारी पक्षाने साक्षीदार शोधायला गावोगावचे मध्यस्थ नेमले होते, त्यांच्यावर विसंबणं अंगाशी आलं. मार्च २०१२मध्ये लुबांगा दोषी ठरला, १४ वर्षांची शिक्षा झाली, त्यात व्हिडिओंचा मोठा हात होता. पढवलेला साक्षीदार म्हणजे काय हे आमच्या कोर्टाच्या व्हरांड्यात कुणालाही विचार. खांबाआड वकील त्याला उत्तरं घोकायला लावायचे आणि आत आल्यावर तो प्रश्न पुरा व्हायच्या आतच उत्तर द्यायचा. तुमच्या इंग्लंडच्या बारला, म्हणजे तिथल्या बॅरिस्टरांना, साक्षीदाराची तालीम घेणं मुळात मना आहे. ते बंधन पाळून भेदरलेल्या माणसाकडून खरं कसं काढायचं, हे लुटपुटीच्या खटल्यांत नाही शिकता येत. तिथे साक्षीदार तुझीच मैत्रीण असते, आणि तिला ट्रॉफीची काळजी असते.

म्हणून म्हणते, प्युपिलेज घे. पहिले सहा महिने दुसऱ्याच्या मागे बसायचं, नंतरचे सहा महिने स्वतः उभं राहायचं. मॅजिस्ट्रेट कोर्टात विगसुद्धा घालत नाहीत म्हणे. बरंच झालं, फोटो काढायचा मोह नाही. दुकानातल्या चोरीच्या खटल्यातही कुणीतरी घाबरलेलं असतं, कुणीतरी खोटं बोलत असतं, आणि दुभाष्याने अर्धं वाक्य गिळलेलं असतं. हेगच्या वकिलांच्या यादीत नाव लागायला दहा वर्षांचा फौजदारी अनुभव मागतात, हे तूच सांगितलंस. ती दहा वर्षं कुठून आणणार? इंटर्नशिपमध्ये तू मेमो लिहिशील, तळटिपा तपासशील. वाईट काम नाही ते, पण माझं पिंजऱ्याजवळचं टेबल बरं, तिथून निदान माणूस तरी दिसतो.

शिवाय आपला देश त्या कोर्टाचा सभासद नाही. १९९८ साली रोमला त्या कोर्टाच्या करारावर मतदान झालं तेव्हा १२० देश बाजूने, ७ विरुद्ध आणि २१ तटस्थ, त्या तटस्थांत आपण. कायम नोकरीसाठी ते आधी सभासद देशांची माणसं बघणार. वकिलांच्या यादीला मात्र देशाची अट नाही. तुझी वाट तीच.

पैशाचं. आत्याला वाटतं बॅरिस्टर म्हणजे बग्गी आणि बंगला. २०२२ साली इंग्लंडचे फौजदारी बॅरिस्टर लीगल एडच्या, म्हणजे सरकार देतं त्या, फीसाठी संपावर गेले होते, हे तिला सांगितलं तर विश्वासच बसेना. प्युपिलेज संपल्यावर तू कुणाची पगारी नोकर नसणार, महिने कोरडे जातील, चेंबर्सचा वाटा मात्र द्यावाच लागेल. कोर्सचं कर्ज आम्ही फेडू शकू, त्याचा हिशेब बाबांच्या वहीत आहे. पण घरून दर महिन्याला पैसे येतील असं धरू नकोस.

आरोपीचं काम आलं तर काय करू, असं तू विचारलं होतंस. येईलच. रांगेतल्या टॅक्सीसारखं आलेलं भाडं घ्यायचं हा तुमच्या बारचा नियम, आणि मला तो आवडतो. न्युरेंबर्गला नाझी पुढाऱ्यांच्या खटल्यातही तिघे निर्दोष सुटले होते. काँगोचा नेता बेम्बा हेगच्या कोर्टात २०१६ साली दोषी ठरला आणि जून २०१८मध्ये अपिलात सुटला, तोवर दहा वर्षं आत होता. बळी पडलेल्यांना तो निकाल कसा लागला असेल याचा विचार करून मलाही त्रास होतो. तरीही त्याच्या बाजूने कुणीतरी नीट उभं राहायलाच हवं होतं. उलटतपास न झालेल्या साक्षीवर दिलेली शिक्षा मी टाइप केली असती, पण मनातून मानली नसती.

आत्याने आणखी एक विचारलं, "मनू म्हणजे कुलभूषण जाधवांची केस लढली त्या कोर्टात जाणार ना, एक रुपयावाल्या?" मी सांगितलं, ते हेगमधलंच, पण दुसरं कोर्ट. तिथे देश देशाविरुद्ध उभे राहतात, हरीश साळवे एक रुपया फी घेऊन भारताकडून उभे होते, निकाल १७ जुलै २०१९चा. मनूच्या कोर्टात माणसावर खटला चालतो. तिला पटलं की नाही कोण जाणे, पण तिने तोवर सगळ्या भिशीला सांगून टाकलं होतं.

बाबा म्हणतात, बडोद्याच्या मुलीने मोठंच बघावं. त्यांच्या बोलण्यात नेहमीप्रमाणे सयाजीराव येतात. येऊ देत. पण तू बॅरिस्टर होण्यासाठी लंडनच्या ज्या ग्रेज इन संस्थेत जेवणं केलीस, तिथे १९१६ साली नाव घातलेले आंबेडकर पुढच्याच वर्षी संस्थानच्या नोकरीवर इथे आले, आणि महाराजांनी ज्यांना शिकायला पैसे दिले त्यांना या गावाने राहायला खोली दिली नाही. पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं. कमाटीबागेत जाशील तेव्हा हेही लक्षात असू दे. आणि तू ज्यांच्या नावाच्या लायब्ररीत बसून एलएलबी केलंस त्या हंसाबेन मेहता. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्या कलमात "सगळे पुरुष" होतं, त्याजागी "सगळी माणसं" त्यांनी आग्रह धरून घालून घेतलं. टाळ्या पडाव्यात असं ते काम नव्हतंच. समितीत बसून मसुद्याच्या ओळी खोडायच्या, पुन्हा मांडायच्या. तसल्या कंटाळवाण्या कामाला तू कचरू नकोस एवढंच माझं म्हणणं.

सनदेची नक्कल आणि तिन्ही वर्षांच्या मार्कशीट बाबांनी स्कॅन करून तुला पाठवल्यात. एकीवर तुझं मधलं नाव चुकलंय, ते युनिव्हर्सिटीतून दुरुस्त करून घ्यायला ते सोमवारी जाणार आहेत. चेंबर्सना उत्तर कधीपर्यंत द्यायचंय ते कळव, आणि हेगला तोपर्यंत सरळ नाही म्हणू नकोस, वर्षभर पुढे ढकलता येतं का ते विचार. तुझ्या मैत्रिणीची आई पुढच्या महिन्यात लंडनला येतेय, तिच्याबरोबर लिलो चिवडा पाठवते. या वेळी तिखट कमी घालून मागवलाय, मागच्या खेपेला तुझ्या रूममेटचे हाल झाले होते.

तुझी,
आई