खाणीचा गाळ नुसता साठवून भागत नाही

संपादक महोदय, खाण म्हटली की सगळे खड्ड्याबद्दल बोलतात, पण धातू काढून झाल्यावर उरतो तो बारीक दळलेला गाळ, म्हणजे टेलिंग्ज, खरं दुखणं तिथेच आहे. त्यात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, असलं की हवा आणि पाणी लागून सल्फ्युरिक अ‍ॅसिड तयार होतं, मग तेच अ‍ॅसिड तांबं, जस्त, आर्सेनिक असलं काहीबाही विरघळवत नदीपर्यंत जातं, आणि खाण बंद झाली म्हणून हे थांबत नाही, शेकडो वर्षंही चालू शकतं!

उपाय काय तर ऑक्सिजन अडवायचा. पाण्याखाली ठेवा, पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा जवळपास १०,००० पट हळू सरकतो. पण मग ते पाणी आणि गाळ अडवणारा बांध फुटला तर? स्पेनमध्ये १९९८ ला आस्नालकोयारच्या खाणीत फुटलाच की, अ‍ॅसिडवालं पाणी आणि गाळ थेट ग्वाडियामार नदीत. म्हणून मला तरी गाळातलं पाणी काढून तो कोरडा रचणं, वर मातीचं जाड झाकण घालणं जास्त पटतं, महाग पडतं हे मान्य. चुनखडी मिसळली तरी अ‍ॅसिड मारता येतं, पण ती पुरेशी हवी, आणि हा हिशोब खाण सुरू व्हायच्या आधीच करायला हवा ना, नंतर पैसे कोण देणार?

- एक वाचक