उंदरांचे अभिनंदन!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘कोरड्या डोळ्यांवर रामबाण थेंब’ हा कालच्या आरोग्य पानावरचा मथळा वाचून आनंद झाला. तो चौथ्या परिच्छेदापर्यंत टिकला. बरे झालेले डोळे उंदरांचे आहेत, हे तिथे कळले. उंदरांचे मनःपूर्वक अभिनंदन. पण मथळ्यात त्यांना जागा नव्हती का?

त्या प्रयोगात निरनिराळ्या थेंबांची तुलना केली, हे उत्तम. मात्र त्या उंदरांचे डोळे कोरडे केले कसे, याबद्दल बातमीत अवाक्षर नाही. स्कोपोलामाइन टोचून अश्रू आटवायचे आणि वर कोरड्या हवेच्या पेटीत ठेवायचे, ही एक पद्धत. अश्रुग्रंथी कापून काढायची, ही दुसरी. पेटीतल्या डोळ्यांना दाह होतो, तेव्हा सायक्लोस्पोरिनसारखे दाह शमवणारे औषध तिथे चमकणारच. ग्रंथीच काढून टाकली असेल तर तेच औषध अश्रू आणणार कुठून? तेव्हा कोणता थेंब सरस ठरला, याआधी कोणत्या कोरडेपणावर सरस ठरला ते छापायला हवे होते.

तिसरी पद्धत मुद्दाम वेगळी सांगते, कारण तिच्यावर माझा खास राग आहे. सशाच्या किंवा उंदराच्या डोळ्यात बेन्झाल्कोनियम क्लोराइड रोज घालत राहिले की डोळ्याचा पृष्ठभाग बिघडतो आणि कोरडा डोळा तयार होतो. मला कोरड्या डोळ्यांसाठी जे कृत्रिम अश्रू लिहून दिले होते, त्या बाटलीवर प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून हेच नाव होते! प्रमाण प्रयोगातल्यापेक्षा पुष्कळ कमी असते, मान्य. पण जळजळ थांबेना म्हणून डॉक्टर म्हणायचे, थेंब आणखी वेळा घाला. आणि घालावे तितकी जळजळ वाढायची. ‘थेंबांमुळेच होत नसेल ना?’ असे विचारले तर ‘इंटरनेटवर वाचत बसू नका’ हे उत्तर मिळाले. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, एका वेळेपुरत्या छोट्या नळीतले थेंब दिले, तेव्हा डोळे शांत झाले. सशाला निदान कोणी ‘वाचत बसू नका’ म्हणत नाही.

आपल्या वार्ताहरांना आणखी एक विचारायचे आहे. औषध वगळून नुसता त्याचा द्रव घातला तरी डोळा ओला होतो आणि बरे वाटते. म्हणून नीट तुलनेत एका गटाला तोच द्रव औषधाविना देतात. तो गट होता की नव्हता? शिवाय उंदीर काही ‘खुपतंय’ म्हणून सांगत नाही. डोळ्याच्या पृष्ठभागावरची इजा दाखवणाऱ्या फ्लोरेसिन रंगाचा डाग किती राहिला, अश्रू मोजायचा फिनॉल रेडचा दोरा किती मिलिमीटर भिजला, एवढेच मोजता येते. माणसात तर डाग कमी आणि त्रास जास्त, असेही सर्रास दिसते.

प्राण्यांवरचे प्रयोग फुकट आहेत, असे मी म्हणत नाही. सायक्लोस्पोरिनचा गुण आधी कुत्र्यांच्या कोरड्या डोळ्यांवर दिसला, माणसांसाठीच्या ०.०५ टक्क्यांच्या थेंबांना अमेरिकेत मंजुरी मिळाली ती २००२ साली. पण त्या कुत्र्यांना आजार आपसूक झालेला होता, पेटीत बसवून आणलेला नव्हता. आणि एवढे होऊनही तो थेंब सगळ्यांना लागू पडत नाही, परिणाम दिसायला कित्येक महिने जातात. ‘रामबाण’ शब्द जरा जपून वापरावा, ही विनंती.

जाता जाता : कोरड्या डोळ्यांवरची बातमी फिकट निळ्या चौकटीत, राखाडी बारीक टायपात मांडण्याची कल्पना कोणाची? एकटक बघताना पापण्या कमी लवतात आणि डोळे आणखी सुकतात, हे त्याच चौकटीच्या शेवटच्या ओळीत छापले आहे. तिथवर पोहोचायला मला भिंग घ्यावे लागले. शेजारची जाहिरात मात्र ठळक काळ्या अक्षरांत होती.

आपली,
एक नियमित वाचक