अक्रिलिकवाल्या काकांना

बडोदा

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

देव्हारे, नेमप्लेटा आणि गणपतीच्या मखरांच्या गर्दीत तुम्ही आमच्या फ्लूमचा, म्हणजे पाणी वाहतं ठेवून प्रवाह तपासायच्या लांब पन्हळीचा, एक मीटर लांबीचा पारदर्शक भाग करून दिलात. बिल चुकतं झालं, आभार मात्र राहिले होते. जाहीर लिहितोय, कारण असा फ्लूम बांधणाऱ्या दुसऱ्या कोणालाही तुमच्या सूचना उपयोगी पडतील.

पाण्याचा वेग मोजायची आमची रीत तुम्ही विचारली होती. पाण्यात 10 मायक्रॉनचे पोकळ काचेचे मणी सोडायचे. हिरवा लेसर दंडगोल भिंगातून पसरवून 1 मिलिमीटर जाडीचा उजेडाचा पडदा करायचा आणि काटकोनात ठेवलेल्या कॅमेऱ्याने पाठोपाठ दोन फोटो काढायचे. मग फोटोतली 32 बाय 32 पिक्सेलची एकेक चौकट घेऊन तिच्यातले मणी किती सरकले ते काढायचं. चौकटीत दहाएक मणी हवेत आणि सरकणं 8 पिक्सेलच्या आत हवं. सेकंदाला 30 सेंटिमीटर वेग आणि मिलिमीटरला 20 पिक्सेल धरले, तर दोन फोटोंत 1.3 मिलिसेकंदांचं अंतर येतं. मण्यांची घनता पाण्याच्या जेमतेम 1.1 पट, म्हणून ते तासाला जेमतेम 2 सेंटिमीटर खाली बसतात आणि भोवऱ्याबरोबर लगेच वळतात. मणी नीट दिसले नाहीत तर सॉफ्टवेअर निदान कुरकुरतं. भिंत फुगली असेल तर ते निमूटपणे चुकीचा वेग छापून देतं.

म्हणूनच नकाशा बघताक्षणी तुम्ही म्हणालात, ‘बाजू अक्रिलिकची नको, काचेची घ्या,’ ते लाखमोलाचं ठरलं. काच अक्रिलिकपेक्षा वीसपट ताठ. 30 सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने अक्रिलिकची बाजू फुगते आणि भिंगासारखी वागते, त्यात ते पाणीही पितं. आम्ही टफन्ड काच मागणार होतो. तीही तुम्ही नाकारलीत: भट्टीतल्या रोलरांमुळे तिच्यात लाटा येतात, साधी फ्लोट काचच सपाट. सांगाडा अक्रिलिकचा ठेवलात, पण बोल्टची भोकं 2 मिलिमीटर मोठी पाडलीत. पारा 15 अंशांनी चढला की एक मीटर अक्रिलिक मिलिमीटरभर वाढतं, काच त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याने. भोकं घट्ट असती तर मे महिन्यात तडा ठरलेला. काच सिलिकॉनने न चिकटवता खाचेत रबरी पट्टीवर बसवलीत तेही बरं केलंत, सिलिकॉन अक्रिलिकला धड धरत नाही.

जोडकामाबद्दल वेगळं लिहायला हवं. कास्ट शीटच्या, म्हणजे ओतून केलेल्या अक्रिलिकच्या, कडा ज्योतीने चकचकीत करायचा मोह सगळ्यांना होतो. ज्योतीने कडेत ताण राहतो आणि मग अक्रिलिक जोडायचा क्लोरोफॉर्म लागला की केसासारख्या भेगा उठतात. तुम्ही 400, 800, 1200 नंबरचा वॉटर पेपर ओला करून कडा घासल्यात, क्लोरोफॉर्म बारीक सुईच्या सिरिंजने फटीच्या तोंडाशी सोडलात आणि तो आपोआप आत ओढला जाऊ दिलात. जोडात एक बुडबुडा नाही. स्पिरिटने पुसायला धावलेल्या आमच्यातल्या एकाचा हात तुम्ही वरच्यावर धरलात, तोही याच भेगांच्या भीतीने.

उजेडाचा पडदा वरून टाकला तर पाण्याच्या पृष्ठभागावरच्या तरंगांनी थरथरतो, म्हणून तो खालून येतो. त्यासाठी तळाला 20 मिलिमीटर रुंद काचेची पट्टी लागली. ती तळाशी समपातळीत नसेल, तर तिची कडच भिंतीलगतच्या प्रवाहात खोट्या खळबळी उठवते. आम्हाला पाव मिलिमीटरच्या आत चाललं असतं. तुम्ही जोडावरून आडवं नख फिरवलंत, अडकलं, पट्टी काढलीत, परत घासलीत. तिसऱ्या खेपेला नख सरळ गेलं.

काळ्या मॅट पत्र्यावर 5 मिलिमीटर अंतराने पांढरे ठिपके काढून दिलेत, ती प्लेट फोटोतले किती पिक्सेल म्हणजे एक मिलिमीटर ते ठरवायला आम्ही पाणी भरूनच लावतो. कोरड्या फ्लूममध्ये घेतलेली मोजपट्टी निरुपयोगी, पाण्याने किरण वळतात.

बाकी अडचणी आमच्या आम्हीच ओढवल्या. नळाचं ताजं पाणी भरलं तर काचेवर बुडबुडे धरतात आणि मण्यांपेक्षा जास्त चमकतात, म्हणून ते रात्रभर ठेवावं लागतं. पंपाने पाणी 25 वरून 30 अंशांवर गेलं की त्याची श्यानता (वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध) दहा टक्क्यांनी घसरते आणि सकाळचे-दुपारचे आकडे जुळत नाहीत. थर्मामीटर पाण्यातच सोडलाय.

आता पुढचं काम: वळणाच्या गोल नळीभोवती चौकोनी पेटी. गोल भिंतीतून चित्र वेडंवाकडं दिसतं, मधे पाणी भरून बाहेरची बाजू सपाट केली की बरंच सुधारतं. कास्ट शीट, 8 मिलिमीटर, वरचा कागद इथे येईपर्यंत काढू नका. बघायला याल तेव्हा चष्मा आम्ही देऊ, हातातलं घड्याळ आणि अंगठी मात्र घरीच ठेवा. लेसरला चकचकीत काही चालत नाही.

आपली,
प्रवाह प्रयोगशाळेतली मंडळी